'बालपण सुखात गेलेलं दिसतं' म्हणणाऱ्या वाचकास

बायबलातल्या यशया ९:६ मधल्या 'सनातन पिता' या शब्दांवर मी लिहिलं, त्याखाली 'एक वाचक' या नावानं आलेली प्रतिक्रिया चार दिवस तशीच ठेवली होती. रागात उत्तर देऊ नये म्हणून. चार दिवसांत राग काही गेला नाही, तेव्हा आता लिहून टाकतो.

तुमचं म्हणणं थोडक्यात असं: देवाला बाप म्हणणं ही मिशनऱ्यांची परकी कल्पना, मराठी माणसाला माउली पुरे; लहान लेकरं आजारानं जातात तेव्हा हा बाप कुठं असतो; स्तोत्राचा क्रमांक चुकलाय; आणि "तुमचं बालपण सुखात गेलेलं दिसतं, ज्यानं बापाचा पट्टा खाल्लाय त्याला हे सांगून पाहा." शेवटी "संत्रा बर्फी खा आणि झोपा" आणि हसणारे तीन चेहरे.

क्रमांकाचं मान्य. बाप जशी लेकरांवर तशी देव ममता करतो, या वचनाला स्तोत्र १०३:१३ हवं होतं, १३०:१३ पडलं. १३०व्या स्तोत्रात मुळात ८च वचनं आहेत, त्यामुळे सारवासारव करायलाही जागा नाही. दुरुस्त केलंय. आभार.

बर्फीचं मात्र मान्य नाही. मी तुमच्या गावावरून काही बोललो का? (आपण कुठले ते लिहिलं नाहीत. भाषेवरून अंदाज आलाय, राहू द्या.) पटलं नाही तर तसं सांगा, पण लिहिणाऱ्याला झोपायला सांगणं ही कुठली चर्चा?

आता बालपण. आम्ही नागपुरात अजनीला राहायचो, दोन खोल्यांत. पगाराच्या दिवशी बाबांच्या सायकलकडे कान लावून बसायचं. स्टँड एका झटक्यात लागला तर ठीक. दोन-तीनदा घसरला की आई ताट झाकून ठेवायची आणि मला मोरीत उभं करून दार लोटायची. पट्टा तुम्ही वाक्यात टाकलात. आमच्याकडे तो खुंटीला असायचा. रविवारी चर्चमध्ये सगळे "हे आमच्या स्वर्गातील पित्या" म्हणत, तेव्हा मी तोंड मिटून उभा राही आणि "तुझे नाव पवित्र मानले जावो"पासून सुरू करी. कित्येक वर्षं. मूळ लेखात हे नव्हतं, कारण कुणी मागितलं नव्हतं. तुम्ही तर न मागताच निकाल देऊन मोकळे झालात.

पण त्या मोरीत उभा असतानाही बाप असा नसतो हे मला पक्कं ठाऊक होतं. कुठून? घरात तर नमुना नव्हता. आई शिवणकाम करायची. टेप लावल्याशिवाय कापड कमी भरलं म्हणता येत नाही, हे मी रोज बघत होतो. माझ्या हातात तो टेप कुणी दिला होता? येशूनंही बापांची तारीफ केलेली नाही. "तुम्ही वाईट असताही" लेकरांना चांगलं द्यायचं तुम्हाला कळतं, असं तो तोंडावर म्हणतो (मत्तय ७:११). पट्टा उगारणारे त्यालाही माहीत होते.

शेवटच्या आजारात बाबांना भरवावं लागे. एकदा वरणभाताचा घास पुढे केला तर मान फिरवून म्हणाले, "पुरे न बाप्पा." नागपुरात वाक्यागणिक 'बाप्पा' येतो, त्याकडे कुणाचं लक्षही नसतं. माझं गेलं. त्या रविवारी प्रार्थना पहिल्या ओळीपासून म्हटली. याला तुम्ही पुरावा म्हणणार नाही. नका म्हणू.

माउलीचं म्हणाल तर १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या कवी ना. वा. टिळकांनी ख्रिस्तालाच माउली म्हटलंय. आणि तुकोबा विठ्ठलाला मायबाप म्हणतात, तेव्हा देहूत कुठले मिशनरी आले होते? आई एकवेळ तान्ह्याला विसरेल, मी विसरणार नाही, हे देवाचं बोलणं यशया ४९:१५ मध्ये आहे. क्रमांक दोनदा तपासलाय.

लेकरांच्या मरणाचा प्रश्न मोठा आहे. पण हसऱ्या चेहऱ्यांशेजारी ठेवलेल्या प्रश्नाला मी उत्तर देत नाही. नाव लिहून विचारा, मग बघू.