खुकरीवरचे इतर

९ डिसेंबर १९७१ रोजी दीवनजीकच्या समुद्रात बुडालेल्या आयएनएस खुकरीवरील आपला लेख वाचला. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाज न सोडता त्याच्याबरोबरच गेले, हे आपण सविस्तर लिहिलेत ते योग्यच झाले. मात्र त्या दिवशी एकूण १८ अधिकारी व १७६ नौसैनिक कामी आले, त्यांची एका ओळीत बोळवण झाल्याचे खटकले.

त्यांपैकी विशीतला एक नौसैनिक परळला आमच्या चाळीतला होता. हँगोर या पाकिस्तानी पाणबुडीचा पाणतीर लागताच जहाज काही मिनिटांत तळाला गेले आणि देह हाती न लागल्यामुळे, आपला मुलगा पलीकडच्या किनाऱ्याला लागून तिथल्या तुरुंगात असेल, ही आशा त्याच्या आईने वर्षानुवर्षे सोडली नाही. (तिला खतपाणी घालणारे शेजारीही होतेच, त्यांना काय म्हणावे!) रेशनकार्डावरचे त्याचे नाव तिने कमी करू दिले नाही, लोखंडी ट्रंकेतला पांढरा गणवेश दर दिवाळीआधी धुऊन, नीळ घालून ती गॅलरीतल्या तारेवर वाळत घाली.

दीवला खुकरीचे स्मारक आहे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या, ज्यांना थडगेही लाभले नाही अशा हिंदी खलाशांची स्मृती आपल्या मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये जपलेली आहे. खुकरीवरील सर्वांची नावे, हुद्दा व मूळ गावासह, आपण पुढील लेखात छापावीत, ही विनंती.