रॅमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर, आणि ती स्टिक आधी भावाच्या लॅपटॉपमधून काढा

नमस्कार सर,

तुमचा रिव्ह्यू वाचला. एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय की लॅपटॉप नुसता अडकत होता, विंडोज मारून दिली असती तरी झालं असतं, पण आम्ही दोन दिवस ठेवून घेतला, रॅम गेली म्हणून सांगितलं, ऑनलाइनच्या दुप्पट पैसे लावले, आणि आम्ही परत दिलेली 'खराब' रॅमची स्टिक तुम्ही भावाच्या लॅपटॉपमध्ये टाकली तर ती मस्त चालतेय. पैशाचं आणि दिवसांचं खाली लिहितो, पण आधी ते शेवटचं, कारण ते वाचून खरंच काळजी वाटली. ती स्टिक आजच्या आज काढा. भाऊ जीएसटीचं काम करतो असं तुम्हीच काउंटरवर म्हणाला होतात.

लॅपटॉप चालू होतो म्हणजे रॅम चांगली, असं नसतं सर. रॅम म्हणजे काम चालू असताना लॅपटॉप माहिती तात्पुरती ठेवतो ती जागा, आणि ८ जीबीच्या स्टिकमध्ये असे अब्जावधी सेल, म्हणजे इवले कप्पे असतात, त्यातले दोन-चार गेले तरी बाकीची सगळी स्टिक नीट चालते. कौलारू घरात एक कौल फुटलेलं असावं तसं, त्या खोलीत कोणी जात नाही तोवर गळती कळतच नाही. भावाच्या लॅपटॉपला आधीची रॅम आहे, त्यात ही घातली, क्रोम आणि यूट्यूबला तेवढी सगळी लागतच नाही, म्हणून बिघडलेल्या जागेपर्यंत गाडी पोचत नसेल. आणि पोचली, व्हिडिओतला एखादा ठिपका चुकला, तर कोणाला दिसणार? पण ज्या दिवशी त्याच जागेवर एक्सेलची शीट येऊन बसेल आणि तो सेव्ह मारेल त्या दिवशी चुकलेला आकडाच एसएसडीवर, म्हणजे फाइल कायमच्या राहतात त्या डिस्कवर, लिहिला जाईल, कसलीही एरर न येता. पेनड्राइव्हवर बॅकअप घेतला तरी तो त्याच रॅममधून जातो, म्हणजे बॅकअपही तसाच. सर्व्हरच्या रॅमला अशी चूक पकडायची सोय असते, ईसीसी म्हणतात, आपल्या साध्या लॅपटॉपना ती नसते.

आता तुमच्या मशीनचं. अडकतो म्हटलं की आम्हीही पहिला संशय रॅमवर घेत नाही, कारण एसएसडी, गरम होणं, ड्रायव्हर ह्याच भानगडी जास्त असतात. एसएसडीची हेल्थ चांगली होती, पंखा साफ होता. खटकलं ते ब्लू स्क्रीन, म्हणजे विंडोज बंद पडताना येणारा निळा एरर स्क्रीन, एकदा मेमरी मॅनेजमेंट, एकदा पेज फॉल्ट, एकदा तिसरंच काहीतरी, आणि दरवेळी वेगळा कोड यायला लागला की रॅम बघायचीच. विंडोजचं स्वतःचं मेमरी डायग्नोस्टिक लावलं, ते क्लीन आलं. पुष्कळ ठिकाणी इथेच थांबतात आणि विंडोज मारून देतात. आम्ही पेनड्राइव्हवरून मेमटेस्ट८६ हे रॅम तपासायचं सॉफ्टवेअर लावलं, पहिला पास, म्हणजे तपासणीची पहिली फेरी, क्लीन, स्टिक तापल्यावर दुसऱ्या पासला लाल ओळी सुरू झाल्या. तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो तोच आहे, परत उघडून बघा, जिथे आठही एफ यायला पाहिजेत तिथे शेवटच्या एफच्या जागी बी आलाय, आणि प्रत्येक ओळीत तीच चूक, पत्तेही जवळजवळचे. रॅममधली माहिती १ आणि ० मध्येच असते, ती टेस्टमध्ये अशा अक्षरांत दिसते. एफचा बी झाला म्हणजे एकच बिट, जे १ असायला हवं ते ० होतंय.

मग तरी लगेच रॅम बदला म्हणालो नाही. आपल्या रत्नागिरीच्या खाऱ्या हवेत कॉन्टॅक्ट काळे पडतात, त्यामुळे बॅटरीचा कनेक्टर काढून दोन्ही स्टिक बाहेर घेतल्या, २६० पिनांची ती सोनेरी पट्टी साफ केली, परत टेस्ट, तरी एरर. मग एकेक स्टिक एकटी लावली. लॅपटॉपसोबत आलेली कंपनीची ८ जीबी पूर्ण क्लीन, तुम्ही २०२४ मध्ये ऑनलाइन घेऊन घातलेली ८ जीबी फेल. आणि सगळ्यात महत्त्वाचं, तीच फेल स्टिक दुसऱ्या स्लॉटमध्ये, म्हणजे स्टिक बसवायच्या दुसऱ्या खाचेत, लावली तर तिथेही तेच पत्ते, तीच चूक, तेव्हा कुठे खात्री पटली की स्लॉट ठीक आहे आणि मदरबोर्डला हात लावायची गरज नाही. हे न बघता कोणी स्लॉट गेलाय म्हणाला असता तर तुमचा खर्च कुठच्या कुठे गेला असता. ८ जीबीच्या एका स्टिकचे चार पास व्हायला तास जातात, आणि इथे दोन्ही मिळून, मग वेगवेगळ्या, मग स्लॉट बदलून, शिवाय नवी स्टिक घातल्यावर परत. दोन दिवस त्यातच गेले, लॅपटॉप टेबलावर पडून नव्हता.

विंडोज मारायचं म्हणाल तर बिघडलेल्या रॅमवर विंडोज टाकली की सेटअपच्या फाइल उलगडताना त्याच खराब जागेतून जातात, एकतर सेटअप मध्येच एरर देतो नाहीतर विंडोज पहिल्या दिवसापासून आतून मोडकी बसते. आठ दिवसांनी तुम्ही परत तीच तक्रार घेऊन आला असता.

पैशाचं म्हणाल तर बिलावर रॅम वेगळी आणि लेबर वेगळं लिहिलंय. तुम्ही २०२४ चा भाव धरताय, पण २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव फार चढलेत, कंपन्या एआयच्या डेटा सेंटरकडे माल वळवतायत, आम्हालाच होलसेलला महाग पडते. त्याच दिवशीचा ऑनलाइन भाव तुम्हाला काउंटरवर मोबाइलवर दाखवला होता.

भावाला एवढं सांगा, स्टिक काढल्यावर ती घातल्यापासून सेव्ह केलेल्या फाइल उघडून आकडे पोर्टलवर भरलेल्या रिटर्नशी ताडून बघ, जुना बॅकअप अजिबात पुसू नकोस. स्टिक फेकू नका आणि तिच्यावरचा स्टिकर सोलू नका, त्यावरच्या सीरियल नंबरवर क्लेम होतो. बऱ्याच ब्रँडची रॅमवर वर्षानुवर्षांची वॉरंटी असते, काहींची लाइफटाइम. ऑनलाइन ऑर्डरचं बिल मेलमध्ये शोधून ठेवा, क्लेम आम्ही लावून देतो. भावाचा लॅपटॉपही घेऊन या, त्याची रॅम तपासून देतो, त्याचे पैसे घेणार नाही. चार्जर आठवणीने आणा, टेस्ट रात्रभर चालते.