संत बार्बराचं चित्र ‘अर्धवट’ कुणी ठरवलं?

एक पोस्ट सध्या बरीच फिरते आहे. सोबत बारीक करड्या रेषांचं चित्र: पुढे घेरदार झगा जमिनीवर पसरून बसलेली तरुणी, हातात खजुराची फांदी आणि पुस्तक, मागे अर्धा बांधून झालेला उंच मनोरा. खालचा मजकूर थोडक्यात असा: ‘तेलरंगांचा शोध लावणारा डच चित्रकार यान व्हॅन आइक याने १४३७ मध्ये हुतात्मा संत बार्बराचं हे चित्र रंगवायला घेतलं, पण मृत्यूने गाठलं आणि चित्र कायमचं अर्धवट राहिलं. मागे दिसतो तो तिचा तुरुंग. पुढे चर्चने तिचं संतपदही काढून घेतलं.’ दावे पाच आहेत आणि जसे लिहिलेत तसा त्यांतला एकही टिकत नाही.

मृत्यूचा दावा आधी उरकू. व्हॅन आइक वारला १४४१ मध्ये, ब्रूज शहरात. मधल्या चार वर्षांत तो काही आजारी पडून नव्हता. १४३९ मध्ये त्याने बायकोचं, मार्गारेटचं, व्यक्तिचित्र केलं आणि कारंज्याजवळ उभ्या असलेल्या मेरीचं छोटं चित्रही. हे दुसरं चित्र आज अँटवर्पच्या रॉयल ललितकला संग्रहालयात आहे, बार्बरा आहे त्याच संग्रहालयात! म्हणजे बार्बरा पुरी करायची असती तर वेळ हाताशी होता.

आता खरा वादाचा मुद्दा, ‘अर्धवट’ हा शिक्का. तो पोस्ट लिहिणाऱ्याच्या डोक्यातून निघालेला नाही, हे कबूल करायला हवं. १६०४ मध्ये चित्रकारांची चरित्रं लिहिणाऱ्या कारेल व्हॅन मांडर याने लिहून ठेवलंय की आपले गुरू लुकास दे हेरे यांच्याकडे, गेंटला, व्हॅन आइकचं एका स्त्रीचं छोटं चित्र पाहिलं होतं. मागे निसर्गदृश्य, काम पहिल्या थरापुरतंच झालेलं, तरी विलक्षण नेटकं. ते चित्र म्हणजे हीच बार्बरा असावी, असा काही अभ्यासकांचा कयास आहे. तर्क वाजवी आहे. पण कयास म्हणजे पुरावा नव्हे, आणि व्हॅन मांडरने ते पाहिलं तेव्हा चित्रकाराला जाऊन शंभराहून जास्त वर्षं उलटली होती.

उलट बाजूने काय आहे ते बघा. लाकडी फळी, तिच्यावर खडूचा पांढरा लेप आणि त्यावर धातूच्या टोकदार कांडीने नि कुंचल्याने काढलेलं हे चित्र जेमतेम ३१ बाय १८ सेंटिमीटरचं आहे. चौकट मूळचीच, लाल संगमरवराचा भास होईल अशी रंगवलेली. तिच्यावर दगडात कोरल्यासारखी दिसणारी लॅटिन अक्षरं: ‘योहान्नेस दे आइकने मला घडवलं, १४३७’. मनाजोगतं काम झाल्याशिवाय कोण अशी सही ठोकेल? हा युक्तिवाद नेहमी केला जातो. मी मात्र त्यावर फार भार टाकणार नाही, कारण त्या काळी चौकट आणि फळी बहुधा एकत्रच तयार करत, त्यामुळे सही आधीच झालेली असू शकते.

मला पटतो तो पुरावा वेगळा आहे. व्हॅन आइक रंगाखाली कशी रेखाटनं करायचा, हे अवरक्त किरणांच्या तपासणीतून कळलेलं आहे. १४३४ च्या आर्नोल्फिनी दांपत्याच्या चित्रात रंगाखाली रेषा सापडल्या, हातापायांच्या जागा बदललेल्याही दिसल्या. पण ते प्रसिद्ध कुत्रं आणि छताचं झुंबर? त्यांच्याखाली रेखाटन नाहीच, ते थेट रंगातच उतरले. जो माणूस झुंबरासारखी किचकट वस्तू आधी न रेखाटता रंगवतो, तो बार्बरामागच्या मनोऱ्यावरचा एकेक कारागीर, दगड वाहणारे मजूर, माथ्यावरची यारी (क्रेन), एवढं सगळं नंतर रंगाखाली बुजवण्यासाठी काढत बसेल? आणि कच्चं काम तो करायचा कसं, तेही आपल्याकडे आहे. कार्डिनल आल्बेर्गाती यांचं चांदीच्या कांडीने कागदावर काढलेलं रेखाटन ड्रेस्डेनला आहे आणि त्यावर व्हॅन आइकने चेहऱ्याच्या रंगछटा शब्दांत टिपून ठेवल्या आहेत. त्यावरून रंगवलेलं चित्र व्हिएन्नात आहे.

अडचण एकच, आभाळाची. तिथे निळा रंग लागलेला आहे. तो त्यानेच लावायला घेतला की नंतर कुणी, यावर मतभेद आहेत, आणि त्याचाच असेल तर ‘अर्धवट’वाल्यांची बाजू वजनदार होते. माझा कल ‘रेखाचित्र म्हणूनच पुरं केलेलं’ याकडे आहे. पण पोस्टमध्ये निकाल लागल्यासारखं लिहिलंय, तसा तो लागलेला नाही.

तेलरंगांचा शोध ही अफवा इटालियन कलाकारांची चरित्रं लिहिणाऱ्या वासारीने १५५० मध्ये पसरवली. बाराव्या शतकातला भिक्षू थेओफिलस तेलात रंग कालवण्याची कृती देतो. त्याहून मागे जायचं तर अफगाणिस्तानात, बामियानच्या बौद्ध गुंफांमध्ये सातव्या शतकाच्या सुमाराची भित्तिचित्रं आहेत आणि त्यांतल्या काहींत सुकणाऱ्या तेलांचे अंश सापडले आहेत. व्हॅन आइकची करामत पातळ, पारदर्शक थर एकावर एक चढवण्यात होती, आणि ती काही कमी नव्हे.

‘डच’बद्दल फार ताणत नाही. तो काही काळ नेदरलँड्समधल्या हेगच्या दरबारी होता खरा, पण कारकीर्द बर्गंडीच्या ड्यूकच्या पदरी आणि घर ब्रूजला, म्हणजे आजच्या बेल्जियममध्ये.

तुरुंगाची गोष्ट अर्धीच खरी. दंतकथेप्रमाणे बाप डायोस्कोरस बार्बराला मनोऱ्यात कोंडतो आणि ती दोनऐवजी तीन खिडक्या करवून घेते, पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा यांच्या नावे. पण चित्रातला मनोरा गॉथिक कॅथेड्रलच्या घाटाचा आहे, काम चालू आहे आणि बार्बरा त्याच्या बाहेर, मोकळ्यावर निवांत पानं उलटत बसली आहे. कोंडलेलं कुणीच दिसत नाही.

राहिलं संतपद. १९६९ मध्ये रोमन चर्चने तिचा सण सार्वत्रिक दिनदर्शिकेतून वगळला, कारण तिच्या चरित्राला इतिहासाचा आधार मिळत नाही. संतांच्या अधिकृत यादीत तिचं नाव अजून आहे, ४ डिसेंबरलाच. कथेत तिचं मुंडकं उडवणाऱ्या बापावर वीज कोसळते, म्हणून दारूगोळा हाताळणारे तोफखान्याचे सैनिक आणि सुरुंग लावणारे खाणकामगार तिला आपली मानतात. युरोपात बोगद्यांच्या तोंडाशी तिची मूर्ती आजही बसवतात.