नीतिसूत्रे 31 ही मोजपट्टी नव्हे

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, महिलांची विशेष उपासना असली की उपदेशासाठी कोणता उतारा निघणार हे आम्हा बायकांना आधीच ठाऊक असते. बायबलातल्या नीतिसूत्रे या पुस्तकाचा एकतिसावा अध्याय, दहाव्या ओवीपासून शेवटपर्यंत, म्हणजे आदर्श पत्नीचे वर्णन. मागच्या खेपेस तो वाचला जात असताना माझ्या शेजारच्या बाईंनी आपले बायबल अर्ध्यातच मिटून मांडीवर पालथे ठेवले. त्या अविवाहित आहेत, पन्नाशीच्या पुढे आहेत, आणि अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा त्यांनी नोकरी सांभाळून अनेक वर्षे केली आहे. उपासना संपल्यावर त्या इतकेच म्हणाल्या, "यात मी कुठेच नाही गं."

त्यांचे हे वाक्य माझ्या मनातून गेले नाही, आणि मी तो उतारा पुन्हा नीट वाचायला बसले.

या 22 ओव्या मूळ हिब्रूत वर्णमालेच्या 22 अक्षरांनी क्रमाने सुरू होतात, म्हणजे ही रचून केलेली, पाठ करता यावी अशी कविता आहे. अध्यायाच्या पहिल्याच ओवीत म्हटले आहे की ही वचने लमुएल राजाला त्याच्या आईने शिकवली. ऐकणारा मुलगा आहे, हे आपण सोयीस्करपणे विसरतो. यहुदी घरांत आजही शुक्रवारी संध्याकाळी शब्बाथाच्या, म्हणजे साप्ताहिक विसाव्याच्या दिवसाच्या, जेवणापूर्वी पती हीच कविता पत्नीसाठी गातो. तिकडे पुरुषाने तोंडपाठ करायचे स्तुतिगीत आपल्याकडे स्त्रीसमोर धरायची मोजपट्टी कधी झाले, हे कोणी विचारत नाही.

आपल्या बायबलात जिला 'सद्गुणी स्त्री' म्हटले आहे, तिच्यासाठी मूळ शब्द 'एशेत हयिल' असा आहे. 'हयिल' म्हणजे बळ, पराक्रम, काही ठिकाणी चक्क सैन्य. देवदूत इस्राएलाच्या गिदोन या योद्ध्याला पराक्रमी वीर म्हणून हाक मारतो तेव्हा तिथेही हाच शब्द आहे. 'सद्गुणी' हे भाषांतर चुकीचे आहे असे मी म्हणणार नाही. पण तो शब्द ऐकला की आपल्या डोळ्यांपुढे खाली मान घातलेली, आवाज न चढवणारी बाई येते, आणि कवितेतली बाई तशी मुळीच नाही. ती शेताची पारख करून ते विकत घेते, स्वतःच्या कमाईतून द्राक्षमळा लावते, विणलेली वस्त्रे विकते, व्यापाऱ्यांना कमरपट्टे पुरवते, आणि ज्या हाताने चाती धरते तोच हात गरिबाला द्यायला पुढे करते. उपदेशात मात्र पहाटे उठून घरच्यांना जेवू घालण्याची ओवी तेवढी तब्येतीत समजावून सांगितली जाते. शेताच्या व्यवहारावर कोणी थांबल्याचे मला आठवत नाही.

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट पुढेच आहे. संपूर्ण पवित्र शास्त्रात एकाच स्त्रीला नाव घेऊन 'एशेत हयिल' म्हटले आहे, आणि ती म्हणजे रूथ. शेताचा मालक बवाज तिला हे म्हणतो तेव्हा ती विधवा आहे, निपुत्रिक आहे, मवाब देशातून आलेली परकी आहे, आणि दुसऱ्याच्या शेतात सरवा वेचून सासूचे पोट भरते आहे. कवितेतल्यासारखा वेशीत बसणारा पती नाही, लेकरे नाहीत, दासी नाहीत, विकत घ्यायला शेत नाही. कवितेतली यादी लावायची म्हटली तर रूथ जवळजवळ प्रत्येक ठिकाणी नापास होईल, तरीही तिची नावाजणी वेशीतल्या सगळ्या लोकांच्या तोंडी आहे. मग आदर्श कशात आहे? घरसंसाराच्या तपशिलात नक्कीच नाही. सासू नामीला न सोडण्याच्या निष्ठेत आहे, आणि ज्या देवाच्या पंखांखाली ती आश्रयाला आली त्या देवावरच्या भरवशात आहे. कविताही शेवटी सौंदर्याला व्यर्थ ठरवून परमेश्वराच्या भयावरच येऊन थांबते.

म्हणून 'हे सगळे जुने झाले, आता त्याचा काय उपयोग' असे म्हणणाऱ्या मैत्रिणींशीही माझे जमत नाही. जुना झाला आहे तो आपला वाचण्याचा प्रकार. येशूला आपल्या घरी उतरवून घेणाऱ्या मार्थाचेच घ्या. स्वयंपाकाच्या दगदगीवरून तिला येशूकडून मिळालेली कानउघाडणी प्रत्येक बाईला पाठ असते. पण भावाच्या मृत्यूनंतर, कबरेचा दगड अजून हललेलाही नसताना, तूच ख्रिस्त, देवाचा पुत्र आहेस अशी कबुली तिने दिली, ती येशूचा शिष्य पेत्र याच्या कबुलीच्या तोडीची आहे, आणि तिच्यावर मी आजवर एकही उपदेश ऐकलेला नाही. नव्या करारातल्या इफिसकरांस पत्राचेही तसेच. पत्नीने अधीन असावे हे सांगताना आदली ओवी, एकमेकांच्या अधीन असा ही, वगळली जाते, आणि पतीने ख्रिस्तासारखे स्वतःला अर्पण करावे हा त्यानंतरचा लांबलचक भाग घाईने उरकला जातो. स्त्रीने मंडळीत शिकवावे की नाही यावर प्रामाणिक मतभेद आहेत, तो वाद मी इथे काढत नाही. मात्र अपुल्लो या उपदेशकाला घरी नेऊन देवाचा मार्ग अधिक अचूकपणे समजावणाऱ्या जोडप्यात प्रिस्किल्ला होती, आणि तिथे तिचे नाव अक्विलाच्या आधी येते, एवढे ध्यानात ठेवूनच तो वाद व्हावा.

माझी आई तरुणपणी विधवा झाली. तिचे बायबल आता माझ्याकडे आहे. एकतिसाव्या अध्यायात तिने पेन्सिलीने एकच ओवी अधोरेखित केली आहे, पंचविसावी, जिथे ती स्त्री बळ पांघरते आणि येणाऱ्या दिवसांकडे पाहून हसते. समासात वडील गेल्यानंतरच्या महिन्यातली एक तारीख आहे. बाकीच्या 21 ओव्यांखाली एकही रेघ नाही.