कळा की फटाके?

कुत्री व्यायला झाली हे ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. ती खाणं सोडते. अंग थरथरतं. जीभ बाहेर काढून धापा टाकते, अंधारा कोपरा शोधते, जमीन उकरते, एका जागी म्हणून बसत नाही. खुणा अगदी बरोबर आहेत. फक्त ज्याने कोणी त्या लिहिल्या त्याने पुण्यात दिवाळी काढलेली नाही. आमची चिंगी हे सगळं दर दिवाळीत करते, पोटात एकही पिल्लू नसताना.

2022 साली मात्र पिल्लं होती. दहीहंडीला स्पीकरच्या भिंतींना घाबरून ती फाटकातून सटकली आणि संध्याकाळी फारच समाधानी चेहऱ्याने परत आली. कुत्रीचे दिवस साधारण 63, मागेपुढे धरून 58 ते 68. नवऱ्याने कॅलेंडरवर बोट ठेवून दिवस मोजले आणि ते बोट नेमकं वसुबारसेवर जाऊन थांबलं. म्हणजे अख्खी दिवाळी धोक्यात. त्यातून त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशी, 25 ऑक्टोबरला, खंडग्रास सूर्यग्रहण. सासूबाईंनी जाहीर केलं, "वेध लागायच्या आत मोकळी झाली पाहिजे." चिंगीने ऐकून घेतलं आणि कूस बदलली.

सासूबाईंचं माहेर तासगावकडचं, दावणीला कायम गाई-म्हशी. त्यामुळे बाळंतपण या विषयात डॉक्टरांचा क्रमांक त्यांच्यानंतर. वसुबारसेच्या सकाळी त्यांनी चिंगीला उताणी केलं आणि म्हणाल्या, "कास उतरलीय. आज रात्री नक्की." डॉक्टर म्हणाले, दूध काही जणींना आठवडाभर आधी येतं, काही जणींना ऐन वेळी, त्यावर विसंबू नका. दिवस भरत आल्यावर काढलेल्या एक्स-रेत त्यांनी चार डोकी मोजून दाखवली होती. मला त्या फोटोत फक्त चिंगीने खाल्लेलं काहीतरी दिसलं, पण मी मान डोलावली.

रात्री काही झालं नाही. म्हणजे खूप झालं, पण पिल्लं झाली नाहीत. खाली सुतळी बॉम्ब वाजला की चिंगी थरथरत पलंगाखाली, आणि कळा सुरू झाल्या समजून टॉर्च घेऊन आम्ही तिच्यामागे. थोडा वेळ शांतता, मग ती बाहेर, मग लवंगी माळ, की सगळे पुन्हा आत. शेजारच्या काकू फराळाचं ताट घेऊन आल्या तेव्हा दार उघडायला चिरंजीव सोडून कोणीच उभं नव्हतं.

फ्रिजच्या खोक्याला दार कापून, आत जुनी दुलई घालून आम्ही तिची खोली सजवली होती. तिने ती हुंगली आणि टीपॉयवरच्या दिवाळी अंकांकडे वळली. एक अंक पलंगाखाली नेऊन तिने त्याच्या पद्धतशीर चिंध्या केल्या. आधी कविता फाडल्या, राशिभविष्य शेवटी. सासूबाई हबकल्या. गर्भारशीनं ग्रहणात काही चिरू-फाडू नये. ग्रहण अजून लांब आहे, असं मी म्हटलं. "सवय लागते," त्या म्हणाल्या.

राहिला थर्मामीटर. ही एकच खूण फटाक्यांना दाद देत नाही. कुत्रीचं तापमान एरवी 101 ते 102.5 फॅरनहाइट असतं. गर्भ धरून ठेवणारं प्रोजेस्टेरॉन उतरलं की तेही उतरतं, आणि 99 च्या खाली गेलं की साधारण चोवीस तासांत पिल्लं. सकाळ-संध्याकाळ मोजायचं. कुठे, ते डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तेव्हा नवऱ्याने फोन माझ्याकडे दिला.

कामाची वाटणी अशी झाली: चिरंजीवांनी तोंडापाशी बिस्कीट धरायचं, नवऱ्याने शेपूट, आणि व्हॅसलीन लावून उरलेलं सगळं मी. पहिल्या वेळी चिंगीने मान वळवून माझ्याकडे जे पाहिलं, तसं माझ्याकडे लग्नातही कोणी पाहिलं नव्हतं. थर्मामीटरला मी लगेच लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. घरातल्या कोणाच्याही तोंडात तो पुन्हा जाणार नव्हता.

त्या वर्षी नरक चतुर्दशी आणि लक्ष्मीपूजन एकाच दिवशी. पहाटे अंगाला उटणं तसंच ठेवून नवऱ्याने शेपूट धरली, थर्मामीटर वाजला. 98.6. "नॉर्मल आहे की!" तो आनंदाने म्हणाला आणि आंघोळीला गेला. माणसाचं नॉर्मल म्हणजे कुत्रीची धोक्याची घंटा, हे मी बाथरूमच्या दाराबाहेरून ओरडून सांगितलं. आतून पाणी बंद झालं.

रात्री पूजा आटोपली तशी चिंगी पलंगाखाली गेली ती गेलीच. कुशीकडे वळून बघायची, चाटायची, आणि मग पोट आवळताना स्पष्ट दिसायचं. थरथर नव्हे, लाट. बाहेर आकाश फुटत होतं आणि तिचा कान हलत नव्हता. नवरा रेशमी कुर्त्यात जमिनीवर पालथा पडून धावतं वर्णन देत होता. मी मोबाइलवर वेळ बघत होते: जोरात कुंथूनही अर्ध्या तासात पिल्लू आलं नाही, किंवा दोन पिल्लांत दोन तासांहून जास्त गेले, तर डॉक्टर. पहिल्या पिल्लाआधीच हिरवा स्राव दिसला तर विचार न करता गाडी काढायची. नंतर दिसला तर काळजी नाही.

"हिरवं दिसतंय!" पलंगाखालून आवाज आला.

"आधी की नंतर?" मी किल्ली हातात घेऊन ओरडले.

"कशाच्या आधी?"

तेवढ्यात खाली काहीतरी चिरक्या आवाजात रडलं. तो नवरा नव्हता. "नंतर," तो म्हणाला.

चिंगीने पिशवी फाडली, नाळ तोडली, पिल्लू उलटंपालटं करून चाटलं आणि वार खाऊन टाकली. सासूबाई कासावीस, गाईला त्यांनी कधी वार खाऊ दिली नव्हती. इथे प्रत्येक पिल्लामागे एक वार, आणि पहाटेपर्यंत पाच. एक्स-रेतलं पाचवं डोकं कोणामागे लपलं होतं कोण जाणे. ग्रहणाला भरपूर वेळ शिल्लक होता, त्याचं श्रेय सासूबाईंनी घेतलं.

सकाळी त्या डिंकाचा लाडू घेऊन आल्या. बाळंतिणीला नको तर कोणाला? मी सांगितलं, बेदाणे कुत्र्याला विषासारखे. त्या चष्मा लावून बसल्या आणि लाडू फोडून एकेक बेदाणा वेचला. डॉक्टरांना विचारलं तर म्हणाले, लाडूच नको, पेज द्या. तो बिनबेदाण्याचा चुरा मग त्यांनी माझ्या ताटलीत ओतला. "तू पण जागलीस की," म्हणाल्या, आणि पेज टाकायला गेल्या. तूप घालून.