ग्रीकांना अपुऱ्याचं वावडं होतं?

‘प्राचीन ग्रीकांच्या लेखी अपुरी कलाकृती म्हणजे दोषच, अपुऱ्यातलं सौंदर्य युरोपला दिसलं ते थेट १८व्या शतकात.’ हे वाक्य सध्या बरंच फिरतंय. पुरावा एकच: ॲरिस्टॉटलचं ‘आदि, मध्य, अंत’.

मग ॲरिस्टॉटलच उघडू. त्याची अट कथानकाच्या बांधणीची आहे, विषय संपवण्याची नव्हे. ‘काव्यशास्त्रा’च्या २३व्या प्रकरणात तो होमरची पाठ थोपटतो, ती त्याने ‘इलियड’मध्ये अख्खं ट्रॉयचं युद्ध सांगायला न घेता एकच तुकडा उचलला म्हणून. ‘इलियड’ संपतं तेव्हा ट्रॉय उभंच असतं, अकिलीस जिवंत असतो. हेक्टरचे अंत्यसंस्कार उरकले, की काव्य आटोपलं.

अपुऱ्या राहिलेल्या ग्रंथांना ग्रीक नावं ठेवत, यात थोडं तथ्य आहे. थ्युसिडिडीसचा अथेन्स-स्पार्टा युद्धाचा इतिहास इ. स. पू. ४११पाशी तुटतो आणि ग्रीक टीकाकार हॅलिकार्नाससचा डायोनिसियस त्यावर कुरकुरतो: सगळं युद्ध सांगतो म्हणाला आणि २२व्या वर्षातल्या आरमारी लढाईवर थांबला!

पण ग्रीक चरित्रकार प्लुटार्कचा सूर निराळा. बुडालेल्या अटलांटिसची कथा सांगणारा प्लेटोचा ‘क्रिटियास’ हा संवाद ऐन वाक्यात तुटतो. झ्यूस सगळ्या देवांना गोळा करतो, म्हणतो... आणि पुढे कोरं. सोलोनच्या चरित्रात प्लुटार्क लिहितो, की प्लेटोने या कथेला भव्य देवडी बांधली, अंगणं आखली, पण कामाला उशिरा हात घातला आणि आयुष्य आधी सरलं. लिहिलेलं जितकं सुख देतं, तितकी राहिलेल्याची हळहळ वाटते. अथेन्सचं झ्यूसचं देऊळ अपुरं, तशी ही कथा. (रोमन सम्राट हेड्रियनने ते देऊळ पुरं केलं तोवर काम सुरू होऊन सहाशेच्या वर वर्षं लोटली होती. आपली सरकारी कामं उगीच बदनाम.)

१८व्या शतकाचं म्हणाल, तर पहिल्या शतकातला रोमन प्लिनी सांगतो, की अपेलीससारख्या ग्रीक चित्रकारांची अपुरी राहिलेली चित्रं पुऱ्या चित्रांहून जास्त वाखाणली जात. तिथे रेघांतून चित्रकाराचा विचारच दिसतो.

आणि मुद्दाम न सांगितलेलं? ॲरिस्टॉटलचाच शिष्य थिओफ्रास्टस म्हणतो: सगळं फोड करून सांगू नका, काही ऐकणाऱ्यावर सोडा. ते त्याने स्वतः जुळवलं, की तो नुसता श्रोता राहत नाही, तुमचा साक्षीदार होतो. वर आपण हुशार ठरलो म्हणून खूशही होतो!

‘उदात्ता’वर लिहिणाऱ्या ग्रीक टीकाकार लाँजायनसचं उदाहरण तर बिनतोड आहे. होमरच्या ‘ओडिसी’त, पाताळात ओडिसियस जुना राग धरून बसलेल्या मृत अजॅक्सची मनधरणी करतो. अजॅक्स अवाक्षर न काढता वळतो आणि मेलेल्यांच्या घोळक्यात चालता होतो. लाँजायनसच्या मते ते मौन कुठल्याही भाषणाहून उदात्त आहे.