‘बाण कापून खराब केले’ या अभिप्रायास दुकानातर्फे उत्तर

महोदय,

आपण दिलेला एक ताऱ्याचा अभिप्राय वाचला. हौसेने घेतलेल्या बाणांनी पहिल्याच दिवशी आपली निराशा केली, याबद्दल दुकानातर्फे दिलगिरी व्यक्त करतो. आपले म्हणणे थोडक्यात असे आहे : पारंपरिक रिकर्व्ह (टोके पुढे वळलेल्या) धनुष्यासाठी घेतलेले बारा कार्बन बाण आम्ही चुकीचे दिले, ते कापून खराब केले, सगळे बाण डावीकडे जातात आणि सुटताना ‘खट्’ असा आवाज येतो, बाणांच्या मागच्या टोकाला प्लॅस्टिकच्या व्हेनऐवजी (पात्यांऐवजी) ‘जुनाट’ पिसे लावली, कामाला आठ दिवस घेतले, ‘ट्यूनिंगच्या नावाखाली’ (म्हणजे बाण धनुष्याशी जुळवून देण्याचे) साडेतीनशे रुपये वेगळे मागितले, आणि एक बाण आठवड्यातच तडकला. यातील बहुतेक मुद्द्यांवर ग्राहकाचे मत दुकानदारापेक्षा वेगळे असू शकते आणि तसे ते असण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे. परंतु ‘कापून खराब केले’ हे शब्द या दुकानात पहिल्यांदा येऊ पाहणारे पालक आणि खेळाडू वाचणार आहेत, आणि आमच्यासारख्या लहान दुकानाकडे येणारे बहुतेक लोक असे अभिप्राय वाचूनच येतात. त्यामुळे ते शब्द तसेच सोडून देणे मला परवडणारे नाही.

आपण रविवारी संध्याकाळी, दुकान बंद होण्याच्या सुमारास, कुटुंबासह आला होतात. आपल्या धनुष्यावर ‘२८ इंचांवर ४० पाउंड’ असे लिहिलेले आहे. मापाचा लांब बाण लावून आपण धनुष्य खेचले, तेव्हा आपली खेच साडेसव्वीस इंच भरली आणि तेवढ्या खेचेला काट्यावर ३६ पाउंड दिसले. पारंपरिक धनुष्याचे पाउंड दर इंचामागे साधारण दोन ते तीनने बदलतात, त्यामुळे यात आश्चर्य काही नव्हते आणि कमीपणाही नव्हता. हे दोन्ही आकडे आपल्या बिलाच्या मागे माझ्या अक्षरात लिहिलेले आहेत. त्यावरून मी आपल्याला ६०० नंबरचे शाफ्ट (बाणाचे दांडे; नंबराचा अर्थ पुढे सांगतो), पूर्ण ३१ इंच लांबीचे, पुढे जरा जड पॉईंट (टोक) लावून, आधी मारून पाहावेत आणि मगच कापावेत असे सुचवले होते. आपल्याजवळ मोबाईलवर एक तक्ता होता, त्यात ५०० नंबर आणि २८ इंच असे होते. शिवाय आपल्या मित्राचे बाणही २८ इंचांचेच आहेत, असे आपण म्हणालात. मित्राच्या चष्म्याचा नंबर आपल्या डोळ्याला चालत नाही, हे आपण जाणताच. तरीही आपण ५०० नंबरचे शाफ्ट, १०० ग्रेनचे (सुमारे साडेसहा ग्रॅमचे) पॉईंट आणि २८ इंचांवर काप हे तिन्ही पर्याय स्वतः निवडलेत, आणि ‘सांगितल्याप्रमाणे कापावे’ या ओळीखाली आपली सही आहे.

आपण अभियंता असल्याचे अभिप्रायात नमूद केले आहे, म्हणून पुढचे जरा सविस्तर लिहितो. शाफ्टवर छापलेला स्पाईनचा, म्हणजे ताठपणाचा, नंबर हा कारखान्यातला आकडा असतो. २८ इंच अंतरावरच्या दोन टेकूंवर शाफ्ट आडवा ठेवून त्याच्या मध्यावर ८८० ग्रॅमचे वजन टांगले, की तो जेवढा खाली लवतो ते अंतर इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. ५०० म्हणजे अर्धा इंच, ६०० म्हणजे शून्य दशांश सहा इंच. म्हणजे नंबर मोठा तेवढा बाण मऊ, आणि इथेच निम्म्या ग्राहकांचा उलटा समज होतो. हा आकडा फक्त शाफ्टचा असतो. तोच शाफ्ट आपल्या धनुष्यातून सुटताना किती वाकेल हे त्याची लांबी, पुढच्या टोकाचे वजन, आपल्या खेचेला प्रत्यक्ष भरणारे पाउंड, दोरीचा प्रकार आणि धनुष्याचे शेल्फ (बाण टेकतो ती खाच) मध्यरेषेपर्यंत किती आत कापलेले आहे, या सगळ्यांवर ठरते. यातली लांबी सर्वांत हट्टी आहे. दोन टोकांवर टेकवलेल्या दांड्याचे मध्यातले लवणे लांबीच्या घनाच्या प्रमाणात बदलते, हे मी आपल्याला सांगावे असे नाही; ३१ इंचांचा शाफ्ट २८ इंचांवर आणला, की त्याच वजनाखाली तो सुमारे एक चतुर्थांश कमी लवतो. म्हणजे नंबर निवडतानाच ताठ असलेला बाण कापून आणखी ताठ झाला, आणि वर हलका पॉईंट लावल्याने उरलीसुरली लवचीकताही गेली.

आपला तक्ता खोटा नव्हता, तो कंपाऊंडचा, म्हणजे टोकांना चाके असलेल्या धनुष्याचा, होता. २०२३ साली बर्लिनच्या जागतिक स्पर्धेत साताऱ्याच्या अदिती स्वामी आणि नागपूरचे ओजस देवतळे यांनी कंपाऊंडमध्ये वैयक्तिक सुवर्णपदके मिळवली, तेव्हापासून आमच्याकडे येणारा प्रत्येक दुसरा ग्राहक कंपाऊंडची भाषा बोलतो आणि त्याचा आम्हाला अभिमानच वाटतो. पण कंपाऊंडमध्ये दोरी यांत्रिक रिलीजने सुटते, बाण जवळजवळ मध्यरेषेतून निघतो आणि त्याला रायझरला (धनुष्याच्या मधल्या, मुठीच्या भागाला) वळसा घालावा लागत नाही, त्यामुळे ताठ बाण तिथे खपून जातो. आपल्या धनुष्यात दोरी तीन बोटांवरून घरंगळत, किंचित बाजूला सरकत सुटते आणि बाण रायझरच्या कडेला टेकलेला असतो. तो सुटताच वाकला पाहिजे, रायझरला वळसा घालून पुढे गेला पाहिजे आणि मग सरळ झाला पाहिजे. जो बाण वाकतच नाही, त्याचा मागचा भाग रायझरच्या चामडी पट्टीवर आपटतो आणि उजव्या हाताने खेचणाऱ्याचा बाण डावीकडे जातो. आपण लिहिलेला ‘खट्’ हा आवाज आणि आपले डावीकडे गेलेले बाण ही दोन्ही ताठ बाणाचीच लक्षणे आहेत. आम्ही त्या संध्याकाळी जे सांगत होतो, त्याचा पुरावा आपण स्वतःच अभिप्रायात दिला आहे. पट्टीवर एका जागी घासल्याची खूण उमटली असेल, तीही कृपया पाहावी.

आता साडेतीनशे रुपयांविषयी. दुकानाच्या मागे आमची बारा मीटरची लेन आहे. तिथे ग्राहकाने त्याच्याच धनुष्याने, त्याच्याच टॅबने (दोरी खेचताना बोटांवर घालायच्या पट्टीने) पिसे लावलेले तीन आणि बिनपिसांचे दोन बाण मारायचे असतात. प्रथम उंची पाहायची. बिनपिसांचा बाण खाली लागत असेल तर नॉकिंग पॉईंट (दोरीवर बाण अडकवायची जागा) खाली आणायचा. ते जमल्यावरच डावे-उजवे पाहायचे. बिनपिसांचा बाण डावीकडे लागला तर बाण ताठ, उजवीकडे लागला तर मऊ. म्हणूनच सुरुवात मुद्दाम लांब आणि मऊ शाफ्टने करतात आणि पाव-पाव इंच कापत, दर वेळी पुन्हा मारून पाहत, बिनपिसांचा बाण इतरांच्या घोळक्यात आणतात. कापत जाता येते, जोडत जाता येत नाही. या कामाला दीड-दोन तास लागतात, त्यात एखादा शाफ्ट खर्ची पडू शकतो, आणि मी आपल्याऐवजी मारून ते जुळवू शकत नाही, कारण माझी खेच आपल्यापेक्षा लांब आहे. हे पैसे बाणांच्या किमतीत गुपचूप मिसळता आले असते. आम्ही ते वेगळे सांगितले आणि ऐच्छिक ठेवले, म्हणून आज ‘उकळले’ हा शब्द ऐकावा लागतो आहे. प्रत्यक्षात आपण ट्यूनिंग नको म्हणालात, त्यामुळे आपल्या बिलात ते साडेतीनशे रुपये लावलेलेच नाहीत. कृपया बिल पुन्हा पाहावे.

पिसांबद्दल एवढेच सांगतो की, आपण बाण थेट शेल्फवर ठेवून मारता. शेल्फवरून जाताना पीस दबते आणि वाट देते. प्लॅस्टिकची व्हेन दबत नाही, ती शेल्फला लागून बाणाला बाजूला ढकलते. पावसात पिसे भिजून मिटतात ही आपली शंका रास्त आहे आणि नाशिकच्या जुलै-ऑगस्टमध्ये ती मलाही छळते. पण त्यावर व्हेन लावण्यापेक्षा त्या दिवशी बाण कोरडे ठेवणे किंवा पिसांना पाणी झटकणारी पूड लावणे बरे. आपल्या बाणांच्या वजनात दोन-तीन ग्रेनचा फरक आढळला असेही आपण लिहिले आहे. एक ग्रेन म्हणजे सुमारे ०.०६५ ग्रॅम. आपल्या आणि माझ्या हाताला तो फरक दहा-बारा मीटरवर कळणार नाही.

आठ दिवसांचे म्हणाल, तर बारा बाणांना छत्तीस पिसे लागतात आणि जिगवर (पिसे चिकटवायच्या साच्यावर) एका वेळी एकच पीस बसते, ते सुकल्याशिवाय पुढचे लावता येत नाही. इन्सर्टचे (पॉईंट बसवायच्या आतल्या नळीचे) दोन भागांचे एपॉक्सी रात्रभर ठेवावे लागते. शाफ्ट लोखंड कापायच्या करवतीने न कापता फिरत्या चकतीने कापतो, कापलेले तोंड काटकोनात घासतो, आणि ते करताना तोंडाला मास्क लावतो, कारण कार्बनची भुकटी फुफ्फुसांना घातक असते. शाळेच्या मुलांचे संच त्याच आठवड्यात द्यायचे होते. तरीही वाट पाहावी लागली याचे वाईट वाटते, आणि यापुढे अंदाजे तारीख अधिक काळजीने सांगण्याचा प्रयत्न राहील.

तडकलेल्या बाणाबद्दल मात्र तक्रार बाजूला ठेवून विनंती करतो. तो बाण दगडावर लागला होता असे आपणच लिहिले आहे. तो बदलून देण्याची हमी कोणीच देत नाही, पण कृपया तो पुन्हा मारू नये आणि मुलांच्या हाती देऊ नये. तडा गेलेला कार्बन शाफ्ट दोरीच्या धक्क्याने फुटू शकतो आणि त्याचे धागे पुढच्या हातात घुसतात. बाकीचे अकरा बाणही प्रत्येक वेळी मारण्यापूर्वी दोन्ही टोके धरून, कानाजवळ आणून, हलकेच वाकवून पाहावेत; करकर ऐकू आली किंवा बोटाला खरखर लागली तर बाण मोडून टाकावा.

राहिला प्रश्न त्या अकरा बाणांचे काय करायचे हा. ते फेकून देण्याची गरज नाही. कापलेली लांबी परत येणार नाही, पण पुढचे वजन वाढवले की तोच शाफ्ट सुटताना अधिक वाकतो. १७५ आणि २०० ग्रेनचे पॉईंट आमच्याकडे आहेत. ते लावून बिनपिसांचा बाण कुठे लागतो ते पाहता येईल. रायझरची पट्टी जाड असेल तर तिथे पातळ चामडे लावून बाण थोडा मध्याकडे घेता येईल. एवढे करूनही ३६ पाउंडांना हे बाण पूर्ण जुळतीलच असे वचन मी देत नाही, कारण ते कापण्यापूर्वीच माझ्या मते ताठ होते. जुळले नाहीत, तर ६०० नंबरचे शाफ्ट न कापता, फक्त चाचणीसाठी, आपल्या हाती देईन. पॉईंटचे आणि लेनचे पैसे घेणार नाही.

यापुढे बिलावरची सहीची ओळ मोठ्या अक्षरात छापून घेऊ. अभिप्राय बदलावा की नाही हे सर्वस्वी आपल्या मनावर आहे. निदान ‘कापून खराब केले’ या वाक्यापुढे बाण कोणाच्या सांगण्यावरून कापले तेवढे लिहिलेत, तरी माझी हरकत उरणार नाही. येताना धनुष्य, आपला नेहमीचा टॅब आणि सगळे बाण आणावेत. मंगळवार ते शनिवार सकाळी दहा ते एक लेन मोकळी असते. रविवारी संध्याकाळी येऊ नये, त्या वेळी लेनमधले दिवे बंद असतात.

आपला,
दुकानचालक, नाशिक